साडेतीनची नोंद

काम तसं साधंच होतं. जुन्या इस्पितळाची दगडी इमारत पाडायची की ठेवायची यावर बरीच वर्षं खल झाला आणि शेवटी तळमजल्यावरच्या तीन खोल्या जशाच्या तशा जपून तिथं संग्रहालय करायचं ठरलं. एक शस्त्रक्रियेची खोली, एक औषधं तयार करायची खोली आणि व्हरांड्याच्या अगदी टोकाची, सगळ्यांत लहान, घटसर्पाची खोली. पहिल्या दोन खोल्यांचे फोटो सापडले, कागदपत्रं सापडली. तिसरीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. घसा धरून मरणाऱ्या पोरांच्या खोलीत कॅमेरा घेऊन कोण जाणार? तेव्हा त्या खोलीत काम केलेलं कुणी हयात आहे का, अशी शोधाशोध झाली आणि ज्याला विचारावं तो एकाच बाईंकडे बोट दाखवू लागला. उभ्या सिस्टर.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. अडतीस वर्षांच्या नोकरीत ड्यूटीवर त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, नोंदीसुद्धा टेबलाशी वाकून उभ्यानं. नव्या पोरी आपापसात म्हणायच्या, "सिस्टरांच्या गुडघ्याला बिजागरीच बसवलेली नाही." डॉक्टर मंडळी शिकाऊ नर्सांना त्यांचा दाखला द्यायची. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी भाषणात सांगितलं, की या बाईंनी इतक्या वर्षांत एकदाही बूड टेकलं नाही. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. सिस्टर मंचावर मान खाली घालून उभ्या होत्या. लोकांना तो विनय वाटला.

संग्रहालयाच्या क्युरेटरचा फोन आला तेव्हा सिस्टरांनी तीनदा टाळलं. आठवत नाही म्हणाल्या, गुडघे दुखतात म्हणाल्या, तिसऱ्यांदा तर घरात पाहुणे आहेत असं धडधडीत खोटं सांगितलं. पण चौथा फोन मुलीनं उचलला. मुलीला आईचा अभिमान भारी. तिनं परस्पर होकार देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला स्कूटरवरून आईला जुन्या इमारतीच्या फाटकाशी आणून सोडलं.

"पाच वाजता न्यायला येते," ती म्हणाली. "आणि उद्याची फीत तूच कापायची आहेस हं. आतापासून तोंड पाडून बसू नकोस."

क्युरेटर तिशीची, बारीक अंगाची, चष्म्याच्या काचा सारखी ओढणीनं पुसणारी मुलगी होती. तिनं सिस्टरांना आधी बाकीच्या दोन खोल्या दाखवल्या. शस्त्रक्रियेचं टेबल, छताचा गोल दिवा, औषधांच्या निळ्या बाटल्या. सगळीकडे ताज्या रंगाचा वास होता. सिस्टर प्रत्येक गोष्टीला छान, छान म्हणत होत्या आणि पाय जरा ओढत चालत होत्या. व्हरांडा संपेपर्यंत त्यांची पावलं इतकी लहान झाली, की क्युरेटरला दोनदा थांबावं लागलं.

घटसर्पाच्या खोलीच्या दाराबाहेर भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"बाक तोच आहे," क्युरेटर म्हणाली. "तळघरात सापडला. नातेवाईक इथं बसायचे ना?"

"हो. आत सोडत नसत त्यांना. आजार लागायचा."

आत एक लोखंडी खाट, उभ्या गजांच्या कठड्याची. खाटेशेजारी लाकडी खुर्ची. एका तिपाईवर लांब तोंडाची वाफेची किटली, दुसऱ्या तिपाईवर ट्रे. एक खिडकी, तीही उंचावर. रंगाचा वास मात्र इथं नव्हता. भिंती तर इथल्याही रंगवल्या होत्या.

कामाला लागल्यावर सिस्टरांना जरा बरं वाटलं. हातांना सवय असते, ते आपापलं करतात. "किटली या बाजूला नव्हती गं. तोंड खाटेकडे पाहिजे. घसा सुकला की नळीत चिकटा धरतो." त्यांनी किटली हलवली. "आणि नळ्या अशा ओळीनं नाही मांडायच्या." त्यांनी ट्रेमधली चांदीची, करंगळीएवढी वाकडी नळी उचलली आणि हलकेच पिळून तिच्या पोटातून दुसरी नळी बाहेर काढली. क्युरेटर वाकून पाहू लागली.

"नळीत नळी?"

"हो. घटसर्पात घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो. मग डॉक्टर इथं, कंठाखाली भोक पाडून ही बसवायचे. बाहेरची तशीच राहायची. आतली दर अर्ध्या तासानं काढायची, सोड्याच्या पाण्यात धुवायची, परत घालायची. नाही काढली तर बुजते."

"आणि बुजली तर?"

"तर काय... दुसरा रस्ताच नसतो श्वासाला."

"मग पेशंटनं ओरडून सांगायचं?"

"नळी घातली की आवाज जातो, मुली," सिस्टर म्हणाल्या. "ओरडता येत नाही."

त्यांनी नळी ट्रेमध्ये ठेवली. ती ठेवताना किणकिण झाली. 

क्युरेटरच्या ते लक्षात आलं नाही. ती आनंदात होती, कारण तिनं सिस्टरांसाठी एक गंमत राखून ठेवली होती. भिंतीवरच्या एका चौकटीवर वर्तमानपत्र डकवलेलं होतं, ते तिनं काढलं. आत काचेमागे एक पिवळा पडलेला कागद होता. रुग्णाच्या नोंदींचा तक्ता.

"रेकॉर्डच्या खोलीत असे शेकडो होते," ती म्हणाली. "पण हा उठून दिसला. काय अक्षर आहे, सिस्टर! मोत्यांची ओळ. आणि दर अर्ध्या तासाची नोंद, एकही चुकलेली नाही. खाली सही पाहिली तर तुमची. उद्या लोकांना दाखवायचंय, की आदर्श नोंद कशी असते."

सिस्टर जवळ गेल्या. चष्मा न लावताही त्यांना ते वाचता आलं असतं. दुपारी अडीच, नळी साफ केली. तीन, नळी साफ केली. साडेतीन, नळी साफ केली, श्वास मोकळा. चार, नळी साफ केली, रुग्ण शांत.

तेवढ्यात फाटकाशी काचेच्या पेट्या घेऊन टेम्पो आला. कुणीतरी क्युरेटरला हाक मारली. "दहा मिनिटांत आले," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना जरा." आणि ती धावत गेली.

त्या दिवशी काय घडलं होतं ते आता सांगायलाच हवं.

तेव्हा त्या सिस्टर नव्हत्या. वीस वर्षांची शिकाऊ पोर होती ती. तापाच्या साथीनं अर्ध्या नर्सा अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून हिला सलग दोन दिवस या खोलीत जुंपली होती. खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. नळी घालून तीन दिवस झाले होते, ताप उतरला होता, पोर वाचणार असं डॉक्टर म्हणाले होते. बाहेर बाकावर तिची आई बसून होती, तीन दिवस. बोलता येत नाही म्हणून आईनं एक चमचा आत पाठवला होता. लागलं की कठड्यावर वाजव, असा निरोप होता.

चिमणी वाजवायची. आधी नळी भरली की, मग पाणी हवं असलं की, आणि जरा अंगात ताकद आल्यावर उगाचच. वाजवायचं, नर्स वळून बघते का पाहायचं, आणि बघितलं की हसायचं. हसण्याला आवाज नसायचा. नळीतून नुसतं फुस्स व्हायचं. पहिल्या दिवशी ती पोर नर्ससुद्धा हसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या डोक्यात घण पडू लागले होते. ठक. ठक ठक. वळून पाहावं तर नळी स्वच्छ, पाणी नको, आणि चिमणी हसतेय.

तीन वाजता तिनं नळी साफ केली. ते खरं होतं. त्यानंतर पाच-सहा वेळा चमचा वाजला. मग ती उठली, म्हणाली, "आता पुरे हं," आणि पोरीच्या हातातून चमचा काढून घेऊन ॲप्रनच्या खिशात टाकला. चिमणीनं तळवा पुढे केला. बराच वेळ ती तशीच हात पसरून होती.

आवाज थांबला तशी बाहेरून आईनं दार हळूच वाजवलं. दाराच्या काचेवर वाफ धरली होती, आतलं तिला दिसत नव्हतं.

"सिस्टर... झोपली का?"

"हो," ती म्हणाली. "झोपली. तुम्हीपण पडा जरा."

मग ती खुर्चीवर बसली. दोन मिनिटांसाठी.

जाग आली तेव्हा सव्वाचार झाले होते. खोलीत किटलीचा सूं सूं आवाज तेवढा होता. चिमणी उशीवरून घसरून कठड्याला चिकटली होती. गजांमधून तिचा हात खांद्यापर्यंत बाहेर आला होता, खुर्चीच्या दिशेनं. बोटं आणि नर्सच्या ॲप्रनची कड यांत वीतभर अंतर राहिलं होतं.

दमलेल्या माणसाला झोप लागते, त्याला कुणी फाशी देत नाही. सिस्टरांना आयुष्यभर टोचलं ते पुढचं. तिनं कुणाला हाक मारली नाही. आधी तो हात आत घेतला. पोरीला उशीवर नीट निजवलं. आतली नळी काढली, ती पूर्ण बुजलेली होती, ती धुतली आणि परत घातली. चमचा इतर चमच्यांत ठेवला. मग तक्ता घेऊन, हात स्थिर ठेवून, साडेतीनची आणि चारची नोंद केली. अक्षर सुंदर आलं. आणि मग दार उघडून ती ओरडली.

डॉक्टर म्हणाले, घटसर्पात हृदय असं अचानक थांबतं, कुणाचा इलाज नाही. तक्ता पाहून मेट्रननं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि आईनं, त्या बाईनं, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून शेवटी तिला झोप तरी लागली."

 तिनं हात तसेच त्या बाईच्या हातांत राहू दिले.

तर असा तो तक्ता. तो आता काचेमागे लटकत होता आणि सिस्टर त्याच्यासमोर उभ्या होत्या.   उद्या शंभर माणसं येणार, मुलगी येणार, आणि हे अक्षर पाहून वाहवा करणार. त्या एक पाऊल मागे सरकल्या. त्यांनी मागे हात नेला, हाताला खुर्चीची पाठ लागली, आणि त्या बसल्या.

बसताक्षणी झोप आली. झोप म्हणावी की काय म्हणावं! वरून कुणी ओली रजई टाकावी आणि चारी बाजूंनी खोचून टाकावी, तसं झालं. पापण्या मिटल्या त्या उघडेनात. हात मांडीवर होते ते उचलेनात. पण कान जागे होते, आणि नाकही. सोड्याचा वास आला. ओल्या कापसाचा वास आला. मग चेहऱ्यावर ऊब आली, ओलसर, एका बाजूनं. ज्या बाजूला त्यांनी किटलीचं तोंड वळवून ठेवलं होतं ना, त्याच बाजूनं.

किटलीत पाणी नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. खाली शेगडीसुद्धा नाही.

ठक.

आवाज डावीकडून आला. लोखंडावर.

ठक... ठक...

उठायला हवं. नुसतं उठायला हवं, हात लांब करायला हवा, नळी फिरवून काढायची, चार सेकंदांचं काम. हजार वेळा केलेलं. त्यांनी सगळा जीव पापण्यांत आणला. पापण्या थरथरल्या आणि तशाच मिटून राहिल्या. आवाज आता घाईनं येत होता, एकावर एक, आणि त्यात मधूनच एक बारीक शीळ होती, अरुंद फटीतून वारा ओढला जातो तशी. ती शीळ त्यांना ठाऊक होती. ती ऐकली की वॉर्डातली कुठलीही नर्स हातातलं टाकून पळायची.

मग आवाज थांबला. शीळही थांबली.

आणि बाहेर, बाकाच्या लाकडावरून कुणी उठल्याची करकर झाली. दारावर बोटांची हलकी टकटक.

"सिस्टर..." बाईचा आवाज होता. दमलेला, अदबशीर. "झोपली का?"

तो प्रश्न पोरीबद्दल होता की त्यांच्याबद्दल, ते सिस्टरांना कळलं नाही. आणि दोन्ही अर्थांनी त्याचं उत्तर एकच होतं. नाही म्हणायचं, त्यांनी ठरवलं. यावेळी नाही म्हणायचं. दार उघडा, आत या, मी चमचा काढून घेतला, आत या. ओठ सुटले. घशातून आवाज निघाला, तो सहासष्ट वर्षांच्या बाईचा नव्हता. तो कोवळा होता, जरा त्रासलेला.

"हो. झोपली. तुम्हीपण पडा जरा."

डोळे उघडले ते त्यानंतर. दारात क्युरेटर उभी होती.

"सिस्टर, कुणाशी बोलत होतात?"

"किती वाजले?"

"सव्वाचार. मी मघाशी दोनदा येऊन गेले. तुम्ही इतक्या गाढ झोपला होतात, म्हटलं कशाला उठवायचं." ती आत आली आणि थबकली. "हे काय?"

तक्त्याच्या काचेवर वाफ धरली होती. आतल्या बाजूनं. क्युरेटरनं बोट लावून पाहिलं, बोट कोरडंच राहिलं. किटलीला हात लावला, ती थंडगार. थोड्या वेळानं काच आपोआप निवळली आणि मोत्यांची ओळ पुन्हा दिसू लागली.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. चमचा, खुर्ची, गजांतून आलेला हात, धुतलेली नळी. कुठंही थांबल्या नाहीत, रडल्या नाहीत. क्युरेटर ऐकताना चष्मा पुसायचं विसरली.

"मी... काढून टाकू का हा तक्ता?" ती शेवटी म्हणाली. "दुसरा लावते. कुणाला काही कळणार नाही."

"तेच तर आजवर झालं," सिस्टर म्हणाल्या. "काढू नकोस. मला एक जाड कागद दे."

त्या कागदावर, टेबलाशी वाकून, त्यांनी पाच ओळी लिहिल्या. साडेतीनची आणि चारची नोंद खोटी आहे. त्या वेळी मी झोपले होते. त्याआधी मुलीच्या हातातला चमचा मी काढून घेतला होता. मुलगी श्वास कोंडून गेली. तिच्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. खाली सही.

पाच वाजता मुलगी न्यायला आली. वाटेत ती उद्याच्या साडीबद्दल बोलत होती. सिस्टर तिच्या पाठीमागे बसून हूं हूं करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या अधीक्षकांनी समारंभाआधी सगळ्या खोल्या पाहिल्या आणि तक्त्याशेजारी लावलेला तो कागद वाचून ते बाहेर आले. माणूस सभ्य होता. सिस्टरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहो, सेहेचाळीस वर्षं झाली. तुमच्याच चांगल्या नावाला बट्टा कशाला? आज राहू दे. मग बघू." आणि कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. सिस्टरांना एक क्षण, एकच क्षण, हायसं वाटलं. त्याचीही त्यांना नंतर लाज वाटली.

मग सत्काराला उत्तर द्यायची वेळ आली. त्यांनी माईक हातात घेतला आणि कागदावर लिहिलं होतं ते पाठ म्हणावं तसं म्हटलं. पाच वाक्यं. टाळ्या झाल्या नाहीत. मागं कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खुर्ची सरकली. पुढच्या रांगेतल्या दोन जुन्या नर्सा एकमेकींकडे न बघता हातातल्या पिशव्यांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या रांगेत मुलगी होती. तिचा चेहरा पाहायचा धीर सिस्टरांना झाला नाही. फीत अधीक्षकांनी स्वतःच कापली. कागद मात्र त्यांना परत लावावा लागला. सगळ्यांनी ऐकलंच होतं.

घरी आल्यावर मुलीनं चहा टाकला, दोन कप भरले, एक आईसमोर ठेवला.

"मी आजारी असले की तू माझ्या पलंगाशी उभी असायचीस," ती म्हणाली. "पहाटे कधी डोळा उघडला तरी उभीच. मी मैत्रिणींना सांगायची, माझी आई झोपतच नाही."

"भीती वाटायची मला."

"माझी?"

"खुर्चीची."

मुलीनं कप बाजूला सरकवला. "त्या बाईंना कधी शोधलंस?"

"घर ठाऊक होतं. तक्त्यावर पत्ता होता. इथून वीस मिनिटांवर. त्या गल्लीवरून जावं लागू नये म्हणून मी इतकी वर्षं लांबच्या रस्त्यानं गेले."

मुलगी उठली, किल्ली घेतली, म्हणाली, "चल." दोघी निघाल्या. त्या पत्त्यावर आता टायरचं दुकान होतं. आजूबाजूला चारजणांना विचारलं. तशा कुणी बाई राहत होत्या, एकट्याच असायच्या, वारल्या, असं एका म्हाताऱ्या शिंप्यानं सांगितलं. कधी, ते त्याला आठवेना. परत येताना मुलीनं स्कूटर हळू चालवली. फाटकाशी उतरताना तिनं आईचा हात धरला, आणि घरात जाईपर्यंत सोडला नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही. तो तिचा अधिकारही नव्हता, हे दोघींना कळत होतं.

त्यानंतर सिस्टर थोड्या सैल झाल्या. जेवायला बसू लागल्या. शेजारणी आता पूर्वीसारख्या थांबून बोलत नसत, ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं. झोप मात्र लागू लागली, चांगली लागू लागली. दुपारची जेवणं झाली की पडल्या पडल्या डोळा लागायचा, आणि सव्वाचारच्या सुमाराला उघडायचा. म्हातारपण, दुसरं काय, असं मुलगी म्हणायची.

तीन आठवड्यांनी क्युरेटरचा फोन आला. आवाज जपून वापरल्यासारखा होता.

"सिस्टर, तुमची परवानगी न घेता संग्रहालयात तुमच्याबद्दल कुणी काही... म्हणजे, तुम्ही कुणाला पुतळा बनवायला सांगितला होतात का?"

"कसला पुतळा?"

"इथं अभिप्रायाची वही ठेवली आहे, लोक जाताना वेळ घालून लिहितात. पहिल्या आठवड्यात एकानं लिहिलं, खुर्चीतल्या झोपलेल्या नर्सचा पुतळा हुबेहूब झाला आहे. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुठल्या संग्रहालयाचं लिहिलं. मग आणखी दोघांनी लिहिलं. एका शाळेच्या बाईंनी तक्रार केली आहे, की पुतळ्याच्या पापण्या हलतात ते यंत्र बंद करा, मुलं घाबरतात. सिस्टर, त्या खोलीत मी काहीच ठेवलेलं नाही. मी सकाळी बघते, संध्याकाळी बघते. खुर्ची रिकामी असते."

"हे सगळे लोक..." सिस्टरांनी विचारलं, "दुपारचे येऊन गेलेले आहेत का?"

बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"हो. सगळेच."

मुलगी दारातून खुणेनं विचारत होती, कुणाचा फोन. सिस्टरांनी तिला हातानंच थांब म्हटलं.

"कुणी तिला उठवायचा प्रयत्न केला का गं?"

"आपण आडवा दोर लावला आहे, आत कुणी जात नाही. पण काल एक बाई गेल्या होत्या. त्यांनी लिहिलंय." क्युरेटरनं वाचायला सुरुवात केली, मध्येच थांबली, आणि मग भराभर वाचून टाकलं. "दोर ओलांडल्याबद्दल क्षमस्व. राहवलं नाही म्हणून तिच्या खांद्याला हात लावून पाहिला. मेणाचं असून अंग इतकं गरम कसं ठेवता?"